सर, पप्पांना समजावल्याबद्दल तुमचे मनापासून आभार

सर, नमस्कार. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच "अभ्यास कसाय, नीट जेवतेस ना" सुरू करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बेरिया कॉलेजचं नाव मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं छोटं ख्रिश्चन कॉलेज, साधारण दीड हजार मुलं, 1892 पासून कुणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत आणि प्रत्येकाने आठवड्याला निदान 10 तास काम करायचं, मग विषय कुठलाही असो. अॅडमिशन झाली तेव्हा घरी सगळे खूश होते. पण मला झाडू बांधायच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालंय हे कळल्यावर पप्पा गप्पच झाले, आईला म्हणाले पोरीला एवढ्या लांब केरसुण्या बांधायला पाठवलं का आपण? कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणि तुम्ही, कुणी सांगितलं नसताना, एसटीने आमच्या गावी गेलात. आई सांगते की अमेरिकेचं कौतुक तुम्ही केलंच नाही, तुम्ही स्वतः कमवा आणि शिकामधून कसे शिकलात ते सांगितलंत, पहाटे शेतात पाणी धरायचं आणि तसंच येऊन लेक्चरला बसायचं. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला कशी बसायची तेही.

सर, इथलाही इतिहास तसाच आहे हो. जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी पाद्र्याने 1855 मध्ये ही शाळा काढली, गुलामगिरी संपल्यावर काळी-गोरी मुलं इथे एकत्र शिकायला लागली, तर 1904 मध्ये केंटकी सरकारने कायदाच करून ते बंद पाडलं. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि हरलं. 1950 मध्ये तो कायदा बदलल्यावर परत काळ्या मुलांना घेता आलं. देवाने सगळी माणसं एकाच रक्ताची केली हे बायबलमधलं वचन कॉलेजचं ब्रीद आहे, ते मला इथल्या प्रार्थनेपेक्षा वर्कशॉपमध्ये जास्त कळतं, कारण तिथे सगळ्यांचेच हात सारखे खरबरीत असतात.

तुम्ही जाऊन आल्यावर पप्पांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल केला, म्हणाले दाखव बघू तुझा झाडू. मी सांगितलं की आम्ही वापरतो ते ब्रूमकॉर्न म्हणजे ज्वारीचीच एक जात, फक्त कणसाच्या काड्या लांबच लांब, त्या तारेने दांड्याला आवळायच्या, मग दाबून चपट्या करून शिवायच्या. झालं! शेतकरी माणूस तो, पेरतात कधी, पाणी किती, दाण्याचं काय करतात, कॉल संपेचना. इतके दिवसांनी पप्पा असे बोलत होते आणि मला तिकडे रडू येत होतं. हे सगळं तुमच्यामुळे झालं सर.

यंदा कॉलेजातलं कुणी इथला फॉर्म भरणार असेल तर बिनधास्त माझा नंबर द्या, निबंध मी वाचून देईन. आणि कुणाच्या घरी समजवायला जायची वेळ आलीच तर पप्पा म्हणालेत, सरांना सांग या वेळी मी पण येतो बरोबर.

तुमची विद्यार्थिनी