कुरडईचं ऊन आणि सोलरचं ऊन

महोदय,

‘अकोल्याचं ऊन म्हणजे सोनं आहे काकू, मे महिन्यात तुमचं मीटर उलटं पळेल,’ असं सांगून दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. माझा कुरडया-सांडग्यांचा घरगुती धंदा. ऊन म्हणजे काय, हे मला शिकवायची गरज नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

कॅलेंडरवर दुधाच्या लिटरखाली मी रोजचे युनिट लिहिते. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी रोज साडेचौदा पडत होते. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकला आणि आकडा सव्वाबारावर आला. दिवस मोठा, आभाळ कोरं, पॅनल पुसलेले, तरी कमीच! त्याच उन्हात शेजारी कुरडया मात्र दोन दिवसांत कडकडीत.

भाचा वायरमन आहे. त्यानं पॅनलचं माहितीपत्रक पुढ्यात ठेवलं. तीन किलोवॅट हा आकडा पॅनलच्या आतला सेल २५ अंशांवर असतानाचा. त्यापुढे दर अंशाला ०.३५ टक्के घट. उकाड्यानं करंट किंचित वाढतो, पण व्होल्टेज त्याहून जास्त पडतं. आणि पॅनल हवेइतकंच तापतं थोडंच? हवा ४५ असली की काळं पॅनल सहज ७० गाठतं. म्हणजे ४५ अंश जास्त, पावणेसोळा टक्के घट. तीन किलोवॅटमागे पावणेपाचशे वॅटच्या आसपास, दोन मोठे कूलर चालतील एवढी वीज. शिवाय मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, पॅनल मात्र दक्षिणेकडे कललेले, म्हणून ऊन त्यांच्यावर तिरपं पडतं.

हे कळायच्या आधी मी एक आगाऊपणा केला होता. भर दुपारी एक वाजता पॅनलवर बादलीभर पाणी ओतलं. वाफ निघाली, इन्व्हर्टरवरचा आकडा दहा मिनिटं चढला आणि परत जागेवर. आमच्या बोअरचं पाणी खारं, त्याचे पांढरे डाग तेवढे मागे राहिले. काच तडकली नाही हे नशीब. आता धुणं सकाळी उजाडतानाच, तेही नळाच्या पाण्यानं.

खरी चूक वेगळीच निघाली. ठेकेदारानं पॅनल गच्चीवरच्या टिनाच्या शेडला जवळजवळ चिकटवले होते. खाली माझा हातसुद्धा जात नव्हता. ‘वाऱ्यानं उडू नये म्हणून,’ म्हणाला. मला तर त्यात पाइपचा खर्च वाचवलेला दिसतो. खालून तापलेलं टिन, वरून ऊन, मधे वाऱ्याला वाट नाही. दिवाळीत वेल्डर बोलावून स्टँड वीतभर उंच करून घेतलं. यंदाच्या एप्रिलमध्ये गेल्या एप्रिलपेक्षा रोज अर्धा युनिट जास्त दिसतोय. ऊनही थोडं कमी-जास्त असेल, म्हणून अजून फुशारकी मारत नाही.

केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत रोज कुणीतरी कोटेशन मागवतंय. त्या कोटेशनमध्ये वर्षाच्या युनिटचा एकच गोल आकडा असतो. त्याऐवजी बारा महिन्यांचे बारा अंदाज, दर अंशाची घट आणि पॅनलखाली किती जागा सोडणार, एवढं लिहून देणं ठेकेदारांना बंधनकारक करावं. आमच्या ठेकेदाराला हे विचारलं, तर तो म्हणाला, ‘काकू, एवढं कोण वाचतं?’

आपली,
एक कुरडईवाली, अकोला