संत्र्याच्या पांढऱ्या शिरा आणि कढईतलं काळं तेल

महोदय,

संत्र्यांचा हंगाम आला की घरी टोपलीभर संत्री येतात आणि नातवंडं फोडीवरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढून टाकतात. मी त्यांना थांबवते. हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड, म्हणजे फळं-भाज्यांतलं एक गुणकारी द्रव्य, रसापेक्षा या शिरांत आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात कितीतरी जास्त असतं. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे तशाच प्रकारचं द्रव्यही बाहेरच्या पाकळ्यांतच अधिक. नेमक्या त्याच आपण सालीबरोबर फेकतो.

मटण निखाऱ्यावर भाजलं की फार तापल्यामुळे त्यात हेटेरोसायक्लिक अमाइन्स ही घातक द्रव्यं तयार होतात. आधी लसूण, हळद, लिंबू लावून मुरवलं तर ती कमी बनतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या सासूबाई मटणाला हळद-लसूण चोळून तासभर झाकून ठेवायच्या. चवीसाठीच, पण सवय किती चांगली!

तेलाची गोष्ट मात्र वेगळी. परवा इथल्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका गाडीवर समोसे तळताना पाहिले. तेल डांबरासारखं काळं, फेस कढईच्या काठापर्यंत. अशा समोशावर कांदा घातला, लिंबू पिळलं म्हणून ते तेल सुधारत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं ही खराब द्रव्यं वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर आहे. ते मोजणारं यंत्र हातात मावतं. संबंधित अधिकाऱ्यांनी ते घेऊन संध्याकाळी, गाड्यांवर गर्दी असताना, एक फेरी मारावी ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, महाल, नागपूर