पॉइंट झाले, आता पायवाटांकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आम्हा वाईकरांच्या घरी पाहुणे आणि पसरणी घाटात गाड्यांची रांग, दोन्ही एकदमच येतात. पाहुण्यांना महाबळेश्वर ‘दाखवायचं’ म्हणजे काय, ते मला आता पाठ झालंय. गाडी लावा, कठड्याशी फोटो काढा, कणीस खा, पुढचा पॉइंट. केट्स पॉइंटवर मी वीसेक वेळा तरी उभा राहिलो असेन. खाली धोम आणि बलकवडीचं पाणी, मधे कमळगड. ‘तो बघा कमळगड’ म्हणायचं आणि गाडीत बसायचं. त्या गडावर मी स्वतः कधी पाऊल ठेवलं नव्हतं. जन्म वाईतला, तरीही.

गेल्या डिसेंबरात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, भाच्याबरोबर गेलो. पायथ्याच्या वासोळे गावाच्या बाजूने चढायला लागलो आणि अर्ध्या तासात चुकलो. वाटेला दोन फाटे फुटले होते. त्यातला जास्त मळलेला आम्ही धरला आणि थेट कारवीत घुसलो. पायाखाली घसारा, पुढे वाट दिसेना. तेवढ्यात वरून हाक आली, “तिकडं कुठं निघालाय? ती गुरांची वाट हाय. माघारी या, सोंडेवर चढा.” डोक्यावर मोळी घेतलेल्या बाई होत्या. त्या नसत्या तर आमचा दिवस त्या कारवीतच गेला असता.

पुढचं मात्र फार सुखाचं झालं. दाट झाडी, गोरखनाथाचं मंदिर, मग माची. गडाला नाव घेण्यासारखा तट नाही की दरवाजा नाही. आहे ती कावेची, म्हणजे गेरूची, विहीर. कातळ उभा चिरावा तशी खोल चीर आणि तिच्यात उतरणाऱ्या पन्नासेक पायऱ्या. चार पायऱ्या उतरलो की ऊन मागे राहतं, दहा उतरलो की अंगावर गारठा. तळाशी भिंती गेरूच्या, ओलसर. हात टेकला तर पंजा तांबडा झाला. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी नखांत रंग होताच. वर आल्यावर भाच्याने समोरच्या कड्याकडे बोट केलं, “मामा, तो बघा केट्स पॉइंट.” आम्ही दोघंही हसलो.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. कासचं पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, 2025 मध्ये प्रतापगडही गेला. आनंदच आहे. पण त्यानंतर सोयींची चर्चा निघते ती पार्किंगची, रुंद रस्त्याची आणि सेल्फी पॉइंटची. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, चंदन-वंदन हे सगळे वाईच्या आसपासच आहेत. त्यांच्या पायथ्याच्या गावांत वाट ठाऊक असलेली माणसं आहेत, पण सरपणाला आणि गुरांमागे जाणारे कमी झाले की वाट दोन पावसाळ्यांत बुजते. मग शहरातून आलेली पोरं मोबाइलवरची रेघ बघत चालतात आणि भलत्याच घळीत उतरतात.

मागणी मोठी नाही. पायऱ्या नकोत, रेलिंग नको, गडावर सिमेंट तर अजिबात नको. वनखात्याने आणि ग्रामपंचायतींनी मिळून फक्त फाट्यांवरच्या दगडांवर बाण काढावेत. (गडावर बदाम काढून नावं लिहिणाऱ्यांना दगड बरोबर सापडतो, वाट दाखवायलाच काय तो सापडत नाही!) गावातला वाटाड्या आणि पिठलं-भाकरी कुठे मिळेल, याची पाटी एसटीच्या थांब्यावर लावावी. आणि सुट्टीच्या दिवशी पहाटेची एक एसटी पायथ्याच्या गावांना सोडावी. उन्हं चढल्यावर पायथ्याला पोचणाऱ्या माणसाने गड चढावा कधी?

वासोळ्याच्या वाटेला रंगाचा एक डबा आणि त्या मोळीवाल्या बाईंसारखं वाट माहीत असलेलं कुणीतरी एवढं पुरे. एका सकाळचं काम आहे. डबा मी देतो, ब्रशही.

आपला,
एक वाचक, गंगापुरी, वाई (जि. सातारा)