हिमगौरीचे चुंबन आणि आमची कापलेली प्रार्थना

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत परीकथांमधल्या 'ख्रिस्ती गूढार्था'वरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटले की लेखक थट्टा करताहेत. हिमगौरीच्या गोष्टीतले सफरचंद म्हणजे एदेन बागेतले फळ, सात बुटके म्हणजे सात संस्कार, काचेची पेटी म्हणजे कबर आणि राजपुत्राचे चुंबन म्हणजे थेट पुनरुत्थान! मी वसईची, ख्रिस्ती, आणि एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेली. लेख वाचून आमच्यासारख्यांना आनंद होईल अशी लेखकाची कल्पना असावी. सदिच्छेबद्दल आभार.

पण मूळ गोष्ट उघडून पाहायला काय हरकत होती? ग्रिम बंधूंच्या कथेत राजपुत्र हिमगौरीचे चुंबन घेतच नाही. नोकर पेटी खांद्यावरून नेत असतात, एकाला ठेच लागते, पेटीला हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तर पेटी वाहून कंटाळलेला एक नोकर वैतागून तिच्या पाठीत धपका घालतो, आणि ती उठून बसते. चुंबन आले ते १९३७ सालच्या डिस्नेच्या चित्रपटातून. धपक्यातून पुनरुत्थान कसे काढायचे, ते लेखकाने पुढच्या रविवारी सांगावे. आणि हो, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात त्या झाडाला नुसते 'फळ' आहे, सफरचंद नाही. शेवटी सावत्र आईला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, त्याचा गूढार्थ लेखात नव्हता. 'शत्रूंवर प्रीती करा'शी जुळला नसेल.

असे अर्थ काढायचेच असतील तर जर्मनीपर्यंत जायला नको. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात वाळूवर बांधलेले घर पावसापाण्याने पडते, तेच हे! काऊ दार वाजवतो, 'ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल', तेही त्याच अध्यायात. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. शेवटी चिऊ दार उघडते आणि काऊला तापल्या तव्यावर बसवते: नरक. बघा, पाच मिनिटांत झाले. मानधन पाठवू नका.

परीकथांत ख्रिस्ती अर्थ नाही असे माझे म्हणणे नाही. सिंड्रेलाची आई मरताना तिला देवभीरू आणि चांगली राहा असेच सांगते. ग्रिमच्या संग्रहातली तिसरीच गोष्ट मारियामातेने स्वर्गात नेलेल्या मुलीची आहे. आणि डॅनिश लेखक अँडरसनमध्ये तर शोधावेही लागत नाही, तो उघड सांगतो. त्याच्या जलपरीला राजपुत्र हवा असतो तितकाच अमर आत्मा हवा असतो. जलपऱ्या तीनशे वर्षे जगतात आणि मग समुद्राचा फेस होतात, हे तिला आजीने सांगितलेले असते. लेखात अँडरसनचा एक शब्द नाही.

आता माझे जुने दुखणे. १९८८ साली मी अँडरसनच्या 'हिमराणी'चा अनुवाद केला आणि तुमच्याच दैनिकाच्या तेव्हाच्या बालपुरवणीला पाठवला. इंग्रजीवरूनच, पण तीन पुस्तके शेजारी ठेवून. त्या गोष्टीत हिमराणीची घसरगाडी काई नावाच्या मुलाला ओढून नेत असते तेव्हा तो घाबरून प्रभूची प्रार्थना म्हणू पाहतो, पण त्याला पाढ्यांशिवाय काही आठवत नाही. पुढे त्याला शोधत आलेली त्याची मैत्रीण गेर्डा तीच प्रार्थना म्हणते. थंडी इतकी की तिचा श्वास दिसतो, आणि त्या वाफेतून भाले-ढाली घेतलेले देवदूत उभे राहतात. माझ्या मते अख्ख्या गोष्टीचा जीव या दोन जागांत आहे. एकाला प्रार्थना आठवत नाही, दुसरीला आठवते.

गोष्ट छापून आली. प्रार्थना दोन्हीकडून गेली होती. गेर्डाने 'डोळे मिटून आईला आठवले' आणि देवदूत मात्र तसेच ठेवले होते, ते कुठून आले याचा पत्ता नाही. शेवटी आजी बायबल वाचत बसलेली असते, ती छापील गोष्टीत 'जुने पुस्तक' वाचत होती. काईचे पाढे तेवढे शाबूत. 'काई घाबरला. त्याला पाढे आठवू लागले.' माझ्याच वर्गातल्या एका मुलाने विचारले, "बाई, घाबरल्यावर पाढे कशाला म्हणायचे?" मी काय सांगणार? कार्यालयाला पत्र लिहिले तर उत्तर आले की धार्मिक मजकूर मुलांना बोजड होतो. सोबत पंचाहत्तर रुपयांची मनीऑर्डर. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

म्हणजे होते तेव्हा कापले, आणि आता नाही तिथे पानभर शोधून देताय. पहिले पाढे पंचावन्न म्हणावे तर तेही काईचेच.

जाता जाता आणखी एक. लेखात दोन ठिकाणी 'चर्चचे पुजारी' असे छापले आहे. आम्ही धर्मगुरू म्हणतो, घरात नुसते फादर. वसईची आठवण तुम्हाला नाताळात केकचे फोटो छापायला येते, तेव्हा कोणाला तरी विचारून घ्यायचे. शब्दकोड्याच्या चौकटी इतक्या लहान का केल्यात, हेही कळले तर बरे.

पत्र मोठे झाले आहे, जागेअभावी कापाल. कापायचेच तर चिऊकाऊचा भाग कापा. प्रार्थनेचा या वेळी राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई