‘अ’ बदलला की फक्त रुंदी बदलते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्गसमीकरणांचे, म्हणजे य = अ·क्ष² + ब·क्ष + क चे, आलेख शिकवताना एक वाक्य हमखास येते: क्ष² चा सहगुणक ‘अ’ मोठा तर अन्वस्त (आलेखाचा वाडग्यासारखा वक्र) अरुंद, लहान तर पसरट, धन असेल तर तोंड वर, ऋण असेल तर खाली. तोंडाचे म्हणणे निर्विवाद आहे. रुंदीचे मात्र अर्धेच सांगून सोडले जाते आणि मुले तिथेच अडकतात.

य = क्ष² − 4क्ष + 3 घ्या. शिरोबिंदू, म्हणजे वक्र वळतो तो बिंदू, (2, −1). आलेख क्ष-अक्षाला 1 आणि 3 वर छेदतो. आता फक्त ‘अ’ 2 करा. शिरोबिंदू (1, 1) वर जातो, विवेचक (ब² − 4·अ·क) 16 − 24 = −8, म्हणजे ऋण, येतो, आणि आलेख अक्षाला शिवतही नाही. ‘अ’ अर्धा केला तर शिरोबिंदू थेट (4, −5). वक्र अरुंद-पसरट झालाच, शिवाय जागचाही हलला, कारण शिरोबिंदूचा क्ष-निर्देशक −ब/2अ असतो. त्यात ‘अ’ आहेच. तिन्ही शिरोबिंदू य = 3 − 2क्ष या एकाच रेषेवर पडतात आणि (0, 3) हा बिंदू तिन्ही आलेखांत कायम राहतो. एकाच आलेख कागदावर तीन रंगांत हे काढून घ्यावे, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती.

‘अ’ चा परिणाम एकटा पाहायचा तर य = अ(क्ष − 2)² − 1 असे रूप घ्यावे. मग शिरोबिंदू हलत नाही. तिथून एकेक घर बाजूला सरकताना उंची अ, 3अ, 5अ अशी वाढते: ‘अ’ 2 असताना 2, 6, 10, अर्धा असताना 0.5, 1.5, 2.5. डावीकडेही तेच.

चुका ठरलेल्या असतात. (−3)² ऐवजी −3² लिहिले की −9 येते आणि डावी बाजू खाली वळते. शिरोबिंदूशी पट्टीने रेघ ओढली की इंग्रजी व्हीसारखे टोक येते, मधले 0.5 चे बिंदू काढले की गोलाई दिसते. य-अक्षावर 1 सेंमी = 5 एकके आणि क्ष-अक्षावर 1 सेंमी = 1 एकक घेतले तर य = 5क्ष² हुबेहूब य = क्ष² सारखा दिसतो. मोबाइलवरची आलेखाची अ‍ॅप प्रमाण आपोआप बदलतात, तिथे हा घोटाळा फार होतो.

खरे तर सगळे अन्वस्त वर्तुळांसारखेच परस्परांशी समरूप असतात. य = क्ष² वरचा (2, 4) निम्मा केला की (1, 2) मिळतो, आणि तो य = 2क्ष² वर आहे. ‘अ’ ठरवतो ते आकारमान, आणि त्याबरोबर नाभीचे (समांतर किरण एकवटतात त्या बिंदूचे) शिरोबिंदूपासूनचे अंतर 1/(4अ). सौर चुलीची 120 सेंमी व्यासाची, 30 सेंमी खोल डिश घेतली तर अ = 30/60² = 1/120, म्हणून नाभी तळापासून 30 सेंमीवर. खोली 20 सेंमीच ठेवली तर ती 45 सेंमीवर जाते. भांडे पूर्वीच्याच उंचीवर टांगले तर ऊन त्याच्या बुडाशी एकवटत नाही, पाणी तापायला वेळ लागतो, आणि दोष मात्र आरशांना दिला जातो.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही गणित शिक्षक