वकीलबाईंना, आमच्या पटकथेतल्या दोन बहिणींच्या वतीनं

आदरणीय वकीलबाई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं वकीलबाई. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही जे समजावून सांगितलंत ते आपल्या भागात पदरमोड करून गुन्हेपट करू पाहणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

कथा तुम्हाला पाठ आहे. कर्नाटकातलं बाची आणि महाराष्ट्रातलं शिनोळी, त्यांच्या हद्दीवरच्या दोन बहिणी. थोरली औषध दुकानात कामाला, धाकटी गांजाच्या धंद्यात ओढली गेलेली, आणि टेम्पो थोरलीच्या नावावर. पहिल्या खर्ड्यात पाठलाग होता, कोयते होते, वेंगुर्ला रस्त्यावरचा पाऊस होता. तुम्ही वाचून एवढंच विचारलंत, "पोतं भरतं किती?" तिथून सगळी कथा नव्यानं उभी राहिली.

आम्ही ऐकीव माहितीवर 'वीस किलो' लिहून मोकळे झालो होतो. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा 1 किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, 20 किलोच्या वर गेला की व्यावसायिक. मधल्या प्रमाणाला जास्तीत जास्त 10 वर्षं. व्यावसायिकला कमीत कमी 10, जास्तीत जास्त 20, आणि कलम 37 मुळं जामीन महाकठीण. नेमके 20 किलो भरले तरी ते मधल्यातच, कारण कायदा '20 पेक्षा जास्त' म्हणतो. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर सुटी पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आता पडद्यावर इलेक्ट्रिक काट्याचे लाल आकडे दिसतात: 20.40. पंचनाम्यात तोच आकडा चढतो. पुढं कोर्टात पोतं रिकामं करून गोणपाट एकटं काट्यावर ठेवलं जातं: 0.62. उरले 19.78. अर्ध्या किलोच्या गोणपाटावर थोरलीच्या आयुष्याची वर्षं टांगलेली आहेत, आणि त्या प्रसंगात कुणालाच ओरडावं लागत नाही.

नमुन्याची चूकही तुम्हीच धरलीत. आमचा पीएसआय रस्त्यावरच चिमूटभर माल पुडीत बांधत होता. त्याच कायद्याच्या कलम 52अ प्रमाणे नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा असतो, गांजाचा 24 ग्रॅम, दोन प्रतींत. त्यामुळं रस्त्यावर आता फक्त वजन, सील आणि सह्या.

सगळ्यात मोठं देणं मात्र अंगझडतीच्या प्रसंगाचं. धाकटीच्या सलवारीच्या नेफ्यात पुड्या आहेत. बाईची झडती बाईनंच घ्यायची, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याआधीची पायरी माहीत नव्हती: राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे कलम 50 खाली ज्याच्या त्याला वेगवेगळं सांगावं लागतं. दोघांना मिळून एकदाच सांगितलं तर ते चालत नाही. परमानंद खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच ठरवलं, आणि तिथंही एकानं दोघांच्या वतीनं सही केली होती. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आमचा मध्यांतर सापडला. कागद कन्नडात. धाकटी मराठी शाळेत शिकलेली, तिला 'पत्रांकित अधिकारी' (राजपत्रितला कन्नडातला शब्द) म्हणजे काय ते कळत नाही. थोरली औषधांच्या खोक्यांवरून कन्नड वाचायला शिकलेली. ती म्हणते, "थांब गे, मी करते की सही," आणि दोघींच्या नावानं एकच सही ठोकते. मायेपोटी केलेली ती सही पुढं धाकटीच्या अंगावरच्या पुड्या खटल्यातून बाहेर काढते. टेम्पोतल्या पोत्याला मात्र कलम 50 चं कवच नाही. गाडी, पिशवी यांना ते लागत नाही, हे 2005 च्या पवन कुमार निकालापासून पक्कं आहे. म्हणजे धाकटी सुटते, आणि ज्या थोरलीनं सही केली तीच टेम्पोची मालकीण म्हणून अडकते. असा पेच नुसत्या कल्पनेतून आम्हाला कधीच सुचला नसता.

रात्री एकला बेड्या घालायचा प्रसंगही तुम्ही काढायला लावलात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर परिस्थिती अपवादात्मक हवी, महिला अधिकारी हवी आणि तिनं लेखी अहवाल देऊन घेतलेली दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. परवानगी आलेली नाही, म्हणून आता दोघी ठाण्यातल्या बाकावर उजाडेपर्यंत बसून आहेत. त्या बसून राहण्याला अटकच म्हणायचं का, हा बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्नही तुम्हीच लिहून दिलात. बाकावरची ती अकरा पानं पटकथेतली सगळ्यात चांगली पानं झाली आहेत.

ठाण्यातला रडका कबुलीजबाब गेला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, आणि 2020 च्या तूफान सिंग निकालानंतर कलम 67 खाली अधिकाऱ्यापुढं दिलेला जबाबही नाही.

औषध दुकानाबद्दल थोडक्यात. थोरली गल्ल्यामागून पट्ट्या उचलते असं आम्ही लिहिलं होतं. अल्प्राझोलामसारखी (चिंतेवरची, झोपेची गोळी) शेड्यूल एच-वन औषधं वेगळ्या रजिस्टरला चढतात: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं. ते रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं. तपासनीस खरेदीची बिलं, रजिस्टर आणि कपाटातला साठा जुळवून बघतो. तिन्हींचा मेळ बसला नाही की पकड. त्यामुळं थोरलीची भीती आता पोलिसांच्या गाडीत नसून त्या लांबट वहीत आहे, आणि नटीला हातात धरायला काहीतरी खरं मिळालं.

हद्दीचा गोंधळही मिटला. कायदा केंद्राचा, म्हणून शिनोळीत एक आणि बाचीत दुसरा असं काही नाही; बदलतं ते ठाणं आणि कागदाची भाषा. पळून महाराष्ट्रात शिरलं की सुटलो, हा धाकटीचा समज आम्ही ठेवला आहे, पण आता तो तिचा समज म्हणून, कथेचं सत्य म्हणून नाही.

कोर्टाची शेवटची पानं तुमच्याकडं आहेत. त्यांत गोणपाट वेगळं तोलायची मागणी बचाव पक्षानं उलटतपासणीत करावी की आधी अर्ज देऊन, एवढं समासात लिहून ठेवा. रविवारी येऊन घेऊन जातो.

तुमचे ऋणी,
पटकथेवर काम करणारे आम्ही तिघं
बेळगाव