विहिरी मोजायच्या आहेत, टँकरच्या पावत्या हव्या आहेत : वसईकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांतले आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींतले आम्ही काही रहिवासी सध्या दर पंधरवड्याला एकत्र बसतो. गाववाले आणि बिल्डिंगवाले एका सतरंजीवर बसणं आपल्या तालुक्यात सहज घडत नाही. गाववाल्याला वाटतं, यांच्यामुळे माझी विहीर गेली. बिल्डिंगवाल्याला वाटतं, मी घराचे पूर्ण पैसे मोजले, मग नळाला पाणी का नाही? दोघांचंही खरं आहे. एका नकाशावर इमारती आधी आल्या, पाणी, गटार आणि रस्ता मागाहून बघू म्हणून राहिले. तो मागाहूनचा खर्च आपण सगळे भरतो आहोत आणि त्याची नोंद कुठेच नाही. ती नोंद करण्यासाठी आम्हाला तुमची मदत हवी आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात रेल्वेलगत इमारती उठल्या आणि त्यांना पाणी गावांतल्या विहिरींतून टँकरने जाऊ लागलं. रहाटाच्या जागी मोटारी आल्या, उपसा वाढला, खालून खारं पाणी शिरलं. गोड विहिरी मचूळ झाल्या. केळी आणि पानवेली आधी गेल्या, मग वाडी विकायची बोलणी सुरू झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं ते याच काळात. त्या लढ्यामुळे पश्चिमेचा हिरवा पट्टा बराचसा टिकला. आज तिथल्या सावलीत फिरायला येणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तेव्हापासून माणसं किती वाढली? २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्रात १२ लाख २२ हजार लोक होते. त्यानंतरची मोजणी आजच्या नियोजनाच्या हाती नाही. सूर्या नदीवरच्या धरणाच्या, म्हणजे सूर्या प्रकल्पाच्या, ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेतून आपल्याला रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी ठरलं, आणि ते यायला २०२३ साल उजाडलं. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी होता, हेही विसरू नये. आपल्या टॉवरच्या टाकीत पडणारं पाणी कुणाच्या तरी कालव्यातून वळलेलं आहे.

आता साधा हिशेब मांडून बघा. पाचशे घरांचा एक प्रकल्प, घरी पाच माणसं, माणशी १३५ लिटर हे सरकारी मान. रोजचे सव्वातीन लाख लिटरांहून जास्त झाले. दहा हजार लिटरचे चौतीस टँकर. यातलं ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येणार, ते कुठल्या नाल्यात जाणार? बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६च्या अधिसूचनेने इमारती आणि टाउनशिपना जनसुनावणीतून सूट दिली आहे. म्हणजे शेजारी राहणाऱ्याला विचारण्याची पायरीच नाही.

१० जुलै २०१८ आठवा. रुळांवर पाणी, लोकल बंद, मिठागरात शेकडो माणसं अडकलेली, घराघरात दोन-तीन दिवस वीज नाही. पाणी साठायला ज्या खाजणांत, मिठागरांत आणि बावखलांत जागा होती तिथे भराव पडला होता. बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांनी वाडीशेजारी खणलेलं पावसाळी तळं. पाऊस त्यात थांबायचा, मुरायचा आणि विहीर मेपर्यंत पुरायची. शाळेच्या पुस्तकात याला आता भूजल पुनर्भरण म्हणतात. गिरीज, निर्मळ, भुईगाव, गास या बाजूला अजूनही बावखलं आहेत. किती आहेत, किती बुजली, याची गावागणिक यादी मात्र आमच्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट नालासोपारा पूर्वेची. सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी राखीव ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५च्या सुरुवातीला त्या पाडून झाल्या. हजारो माणसं सामानासकट रस्त्यावर आली. त्यांची आयुष्यभराची बचत गेली आणि शहराचा सांडपाणी प्रकल्प इतकी वर्षं लांबला तो लांबलाच. आमच्या बैठकीला येणाऱ्यांपैकी काहींचे नातेवाईक त्या इमारतींत होते. त्यांच्यासमोर "बेकायदा घर घेतलंच कशाला?" हा प्रश्न आम्ही विचारत नाही. आरक्षणाचा नकाशा सामान्य माणसाला वाचता येईल असा कधी समोर ठेवला गेला का, हा प्रश्न विचारतो.

इथेच घाई आहे. २००१ ते २०२१ या वीस वर्षांसाठी केलेल्या विकास आराखड्याची मुदत उलटून गेली आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हरकतींना तीस दिवस मिळतात. तीस दिवसांत विहिरी मोजून होत नाहीत. "आमचा विरोध आहे" एवढीच छापील हरकत घेऊन हजार लोक गेले तरी सुनावणीत ती दोन मिनिटांत संपते. सर्व्हे नंबर, विहिरीची पातळी, पुराच्या पाण्याची उंची आणि टँकरवर गेलेले रुपये कागदावर असतील तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून कागद आत्तापासून जमवायचे.

सोसायट्यांच्या सचिवांना आमची पहिली विनंती. गेल्या पाच वर्षांतल्या टँकरच्या पावत्यांच्या छायाप्रती द्या. सोसायटीचं नाव गुप्त ठेवू, फक्त महिना, टँकरची संख्या आणि रक्कम आम्हाला पुरे. वाडीवाल्यांनी आपली विहीर आणि बावखल मोजू द्यावी: एकदा दिवाळीनंतर, एकदा मेअखेर. पातळीसाठी फीत आणि क्षारांसाठी टीडीएस मीटर आम्ही आणू. तुमच्या जमिनीच्या कागदांना कुणी हात लावणार नाही; तशी शंका अनेकांनी बोलून दाखवली म्हणून हे मुद्दाम लिहितो. ज्यांच्याकडे पुराचे तारखेसह फोटो आहेत त्यांनी पाण्याची खूण कुठल्या भिंतीवर, कुठल्या पायरीवर होती ते सांगावं.

कामाची माणसंही हवीत. भूमिअभिलेख किंवा नगररचना खात्यातून निवृत्त झालेलं कुणी, नकाशा संगणकावर चढवू शकणारे तरुण, दिवाणी वकील. परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावरची मंजुरीपत्रं इंग्रजीत असतात, ती बसून वाचणारी चिकाटीची माणसं तर फारच हवीत. प्रकल्पाने पाणी कुठून आणू म्हणून लिहून दिलं आहे, ते तिथेच सापडतं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये आणि प्रत्येक पानाला दोन रुपये लागतात, पण फाइली जाड असतात. नकाशांच्या प्रती, पाण्याच्या तपासण्या आणि पुढे लागलाच तर न्यायालयीन खर्च. घरामागे शंभर रुपये द्यावेत, अधिक द्यायचे असतील तर एका घराकडून हजारापर्यंतच घेऊ. पावती मिळेल. हिशेब दर तीन महिन्यांनी चर्च, मंदिर आणि सोसायट्यांच्या फलकांवर लागेल. बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय पक्ष यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही.

घरं होऊ नयेत, असं आमचं म्हणणं नाही. आमचीच मुलं भाड्याने राहतात. पाणी, मलनिस्सारण आणि पावसाच्या पाण्याची वाट दाखवल्याशिवाय नव्या मजल्याला परवानगी नको, एवढंच आम्हाला नव्या आराखड्यात लिहून हवं आहे.

रविवारी सकाळी सातला आमच्या तुकड्या गावांत निघतात. आपल्या गावातल्या किंवा सोसायटीतल्या कार्यकर्त्याकडे नाव द्या. येताना टोपी आणि वही आणा, आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर बुजलेलं बावखल नेमकं कुठे होतं ते त्यांना आदल्या रात्री विचारून या.